काशिनाथ एकटाच का येतो?

बाबुराव बागुलांच्या १९६३ मधील ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचा विचार आपल्या समीक्षेने बहुधा जात लपवणाऱ्याच्या घुसमटीपाशीच थांबवला. मीही वर्गात तेच शिकवत आलो. परवा आमच्या वस्तीतल्या, घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका पोराला ती वाचायला दिली. तो म्हणाला, “सर, मारणारे कोण? बरोबर काम करणारेच ना?”

मी गप्प झालो. उधन्याच्या रेल्वेतले ते कामगार. घाम एक, तरी हात उठतो तो त्यांचाच. सोडवतो काशिनाथ, ज्याने जात चोरलेलीच नाही. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. लाल बावट्याच्या समीक्षकांना त्यातला एकच दिसला. (ही सवय अजून गेलेली नाही.)

पोराचा न्यायाचा हिशेब साधा: फेऱ्या सारख्या तर पैसे सारखे. पण संपाचा विषय निघाला तेव्हा ‘आपली माणसं’ कोण, यावरच गट पडले. “गिऱ्हाइकाला माझं नाव मोबाईलवर आधीच दिसतं. चोरू काय?” बागुलांच्या नायकाला निदान काही दिवस तरी चोरता आली. कथेचा शेवट मात्र त्याला पटला नाही. काशिनाथ एकटाच का येतो, असे त्याने विचारले.