लव्हाळ्यावरचा तांबेरा आणि आर्थर यांचा ग्रंथ

गव्हावरचा तांबेरा आपण वर्गात शिकवतो. लव्हाळ्याच्या कुळातील वनस्पतींवरही तांबेरा पडतो, आणि तिथे 'नवी जात सापडली' असे म्हणण्याचा मोह फार. म्हणूनच अमेरिकेतील जे. सी. आर्थर यांचा तांबेऱ्यांवरचा १९३४ सालचा ग्रंथ आम्हाला मोलाचा वाटतो.

या बुरशींपैकी अनेकींचे अर्धे आयुष्य दुसऱ्याच वनस्पतीवर जाते. आर्थर यांनी एकीवरचे बीजाणू दुसरीवर टाकून लागण होते का, हे वर्षानुवर्षे पाहिले. ॲस्टरच्या पानावरचे पिवळे फोड आणि कॅरेक्स या लव्हाळवर्गीय वनस्पतीवरच्या काळपट पुळ्या ही एकाच बुरशीची रूपे! ॲस्टर, गोल्डनरॉड यांच्याशी जोडलेल्या तांबेऱ्यांना त्यांनी आधी स्वतंत्र जाती मानले. ग्रंथात मात्र 'पक्सिनिया एक्स्टेन्सिकोला' या एकाच जातीचे प्रकार केले. स्वतः दिलेली नावे मागे घ्यायला धैर्य लागते. तरीही हे एकत्रीकरण आम्हाला पुरते पटत नाही. बीजाणू सारखे दिसले, म्हणून आश्रयाची निवड गौण ठरते का? आज डीएनए तपासून हा प्रश्न पुन्हा विचारता येतो.

आणि कॅरेक्सची जात फळाशिवाय ओळखणे कठीण. नुसत्या रोगट पानावरून केलेले नव्या जातीचे वर्णन आम्ही तरी स्वीकारणार नाही.