‘मॅरेज स्टोरी’तील मध्यस्थ

नोआ बॉमबाक यांचा ‘मॅरेज स्टोरी’ (२०१९) हा चित्रपट म्हणजे वकील व न्यायालय यांच्यावरील आरोपपत्र होय, असे सामान्यतः मानले जाते. दोन सुजाण माणसे सामोपचाराने विभक्त होऊ पाहतात, कायद्याची यंत्रणा त्यांना एकमेकांचे वैरी बनविते, सबब न्यायालयापेक्षा मध्यस्थ बरा, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. चित्रपटाच्या आरंभाशी मात्र तो जुळत नाही. चार्ली व निकोल हे दांपत्य मध्यस्थाकडे गेलेलेच असते.

प्रथम दोघांच्या आवाजांत दोन टिपणे ऐकू येतात. प्रत्येकाने दुसऱ्याचे गुण इतक्या बारकाईने वर्णिले आहेत, की प्रेक्षकाला ती प्रेमपत्रेच वाटावीत. मग कळते, की ती मध्यस्थाने लिहवून घेतलेली आहेत. आपण विवाह का केला याचे दोघांना स्मरण राहावे, हा त्याचा हेतू. चार्ली वाचावयास तयार आहे. निकोल नकार देते आणि उठून जाते.

या नकारास हट्ट म्हणणे सोपे आहे. परंतु चार्ली हा नाटकमंडळीचा दिग्दर्शक व निकोल त्याच मंडळीतील नटी, आणि लॉस एंजेलिसला जाऊन राहण्याची तिची इच्छा न्यूयॉर्कच्या संसारात सतत पुढे ढकलली गेलेली, ही परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. जिचे म्हणणे वर्षानुवर्षे ऐकले गेले नाही, तिला येथे पहिले काम सांगितले जाते ते पतीच्या गुणवर्णनाचे. मध्यस्थ निःपक्षपाती आहे. पण दोघांना सारखेच काम नेमून दिल्याने दोघांची स्थिती सारखी होत नाही. मध्यस्थी आणि समेट हे शब्द मराठीत बहुधा जोडीने येतात. येथील मध्यस्थाला समेट घडवावयाचा नाही, केवळ वियोग सुसह्य करावयाचा आहे. तरी त्याचे साधन समेटाचेच आहे.

निकोल आपली हकीगत सांगते ती पुढे वकील नोरापाशी. कॅमेरा दीर्घकाळ तिच्यावरून हलत नाही. नोरा पादत्राणे काढून तिच्याजवळ सोफ्यावर बसते आणि ऐकते. ऐकता ऐकता दावाही उभा करीत असते. लॉरा डर्न यांच्या अभिनयाचे सामर्थ्य या दुहेरीपणात आहे. ऐकून घेणे हे काम मध्यस्थाने टाकले, म्हणून ते प्रतिपक्ष उभा करणाऱ्या व्यक्तीकडे गेले. त्यानंतर न्यायालयात मद्याचा पेला, मोटारीतील मुलाची खुर्ची अशा घरगुती गोष्टींना पुराव्याचे रूप येते. उलट, चार्लीच्या बिऱ्हाडी वकिलांवाचून बोलण्यास दोघे बसतात, तेव्हा बोलणे पत्नीचे मरण चिंतण्यापर्यंत जाते. तेथे तिसरा माणूसच नसतो. न्यायालयाच्या प्रसंगापेक्षा हाच प्रसंग मध्यस्थाची आवश्यकता अधिक स्पष्ट करतो.

दिग्दर्शकाकडून एक अन्यायही झाला आहे. मुलाच्या ताब्याविषयी वाद असल्यास सुनावणीपूर्वी मध्यस्थी झालीच पाहिजे, असा नियम कॅलिफोर्नियात १९८१ पासून आहे. चित्रपटातील वाद त्याच राज्यात चालतो. तरी हा टप्पा पडद्यावर दिसत नाही. मध्यस्थाच्या वाट्यास एकच, किंचित हास्यास्पद प्रसंग येतो आणि पुढील सारे नाट्य वकिलांकडे जाते. दुसऱ्या प्रयत्नात मध्यस्थाने निकोलचे गाऱ्हाणे आधी ऐकले असते तर काय घडले असते, ही शक्यता त्यामुळे तपासलीच जात नाही. अखेरीस वाद मिटतो तोही तडजोडीनेच; मात्र मुलाच्या सहवासाची पंचावन्न-पंचेचाळीस ही वाटणी नोरा निकोलच्या इच्छेविरुद्ध मिळविते.

निकोलने वाचण्यास नकार दिलेले टिपण शेवटी हेन्रीच्या हाती लागते. मुलगा ते अडखळत वाचतो, चार्ली त्याला मदत करतो, आणि लिहिणारी दाराशी उभी राहून ऐकते. तोवर घटस्फोट झालेला असतो.