पुरावा खाटेपाशी तपासावा

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखाने ‘पुराव्याधिष्ठित वैद्यक’ शिकवण्याची नवी रीत मांडली. नुसता अनुभव आणि शरीरक्रियेचा तर्क पुरेसा नाही, हे त्यातले म्हणणे आम्हांस पटते. तापाने फणफणलेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलाला भराभर सलाईन द्यावे, असे तर्क सांगत होता. युगांडा, केनिया व टांझानियात ३१४१ मुलांवर ते पारखले गेले. निष्कर्ष २०११ साली आला : असे सलाईन दिलेल्यांपैकी सुमारे १०.५ टक्के मुले ४८ तासांत दगावली, न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के!

परंतु हा आकडा व्याख्यानात ऐकून घोकणारा निवासी डॉक्टर आम्हांला धोक्याचा वाटतो. जुलाबाने सुकलेली मुले त्या चाचणीत नव्हतीच. त्यांना पाणी हवेच. शिवाय तेथे अतिदक्षतेची सोय नव्हती. समोरचे मूल त्या मुलांसारखे आहे का, हा प्रश्न खाटेपाशी उभे राहिल्यावरच पडतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील २००४ सालच्या आढाव्यातही हेच दिसले. वर्गातल्या सुट्या शिकवणीने ज्ञान वाढले, वागणे बदलले नाही. रोजच्या रुग्णसेवेत मिसळलेल्या शिकवणीने दोन्ही साधले. तरीही अनेक ठिकाणी हा विषय तासिकेपुरताच उरतो.