'ब्रिस्टल' काचपात्रांचे कर्तृत्व : एक पुनर्विचार

इंग्लंडमधील अठराव्या शतकाच्या मध्यावरील दुधी काचेची, रंगीत मिन्याने चित्रित केलेली लहान फुलपात्रे अनेक संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. त्यांच्या अंगावर पक्षी, फुलांचे झुपके, क्वचित चिनी धाटणीच्या आकृती असतात. महागड्या चिनी मातीच्या भांड्याचा भास स्वस्तात निर्माण करणे हा त्यांचा उघड हेतू. या पात्रांवर ती घडविणाऱ्याचे वा रंगविणाऱ्याचे नाव सहसा नसते. असे असूनही पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याखाली 'ब्रिस्टल; चित्रकार मायकेल एडकिन्स' अशी चिठ्ठी निःशंकपणे लावली जात असे. भाषेच्या अभ्यासकाने या भांड्यांत का लक्ष घालावे, अशी शंका वाचकास येईल. परंतु निनावी कृतीस कर्ता मिळवून देण्याची ही क्रिया संहिताचिकित्सेतील क्रियेहून तत्त्वतः निराळी नाही, आणि तीत होणारे प्रमादही त्याच जातीचे आहेत.

प्रथम पुरावा पाहू. मायकेल एडकिन्स हा मूळचा कुंभारकामावरील रंगारी. ब्रिस्टल येथे राहून त्याने काचेवर रंगकाम व सोनेरी नक्षी करण्याचा व्यवसाय केला. १७६२ ते १७८७ या कालखंडातील त्याच्या हिशेबाच्या वह्या सुदैवाने टिकून राहिल्या. शहरातील निरनिराळ्या काचगृहांसाठी व लाझारस जेकब्ससारख्या व्यापाऱ्यांसाठी केलेल्या कामाची नोंद तीत आहे. एडकिन्सचा नातू विल्यम स्वतः संग्राहक होता. ह्यू ओवेन याचा ब्रिस्टलच्या मृत्कलेवरील ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एडकिन्सचे नाव सर्वतोमुखी झाले. एकीकडे कर्ता नसलेल्या वस्तू, दुसरीकडे वस्तू नसलेला कर्ता. दोहोंची सांगड घातली जाणे अपरिहार्यच होते.

ही सांगड मात्र तपासणीस टिकत नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील विद्वान आर. जे. चार्ल्स्टन यांनी १९५४ मध्ये एडकिन्सविषयीच्या निबंधात हा प्रश्न मुळापासून उकरून काढला. वहीतील नोंदी व्यापारी स्वरूपाच्या आहेत : वस्तू, नग, आकार. आकारलेले दरही अल्प आहेत. ज्या फुलपात्रावर कसबी रंगाऱ्याचे कित्येक तास खर्ची पडले असतील, त्याचे मोल अशा दरात बसणे कठीण. शिवाय या पात्रांपैकी बरीच शैलीवरून १७५५ ते १७६५ च्या दरम्यानची ठरविली जातात, म्हणजे त्यांतील काही तर वही उघडण्यापूर्वीचीच. वही खरी आहे, एडकिन्स खरा आहे, त्याने दुधी काच रंगविली हेही खरे. पण अमुक एक फुलपात्र त्याच्या हातचे, असे म्हणण्यास त्या वहीत आधार नाही. ज्याचे कागद उरले त्याच्या पदरी सर्व निनावी कृती बांधण्याची ही खोड आपल्या वाङ्मयेतिहासासही अपरिचित नाही. 'तुका म्हणे' ही मुद्रा असलेला प्रत्येक अभंग तुकोबांचा मानावा काय, या वादात तर मुद्रा असूनही संशय घ्यावा लागतो. येथे मुद्राच नाही.

दुसरा घोटाळा शब्दाचा आहे. 'ब्रिस्टल' हे स्थलनाम काचेच्या व्यापारात हळूहळू प्रकारवाचक झाले. निळी काच दिसली की ती 'ब्रिस्टल निळी', दुधी दिसली की 'ब्रिस्टल दुधी'. इंग्लंडमध्येच याला फार बोलके साम्य सापडते. लंडनजवळील बॅटरसी येथील मिन्याचा कारखाना १७५३ ते १७५६ इतकाच काळ चालला. परंतु बिल्स्टन, बर्मिंगहॅम आदी ठिकाणी पुढे अनेक दशके तयार झालेल्या मिन्याच्या डब्यांना 'बॅटरसी' हेच नाव चिकटले. आपल्याकडे पैठणी मुख्यतः येवल्यास विणली जाते, तरी तिचे नाव कोणी बदलत नाही, व बदलण्याचे कारणही नाही. बोलीत असा अर्थविस्तार सर्वस्वी निर्दोष होय. दोष घडतो तो सूचिकार त्या प्रकारवाचक नामास पुन्हा स्थलवाचक मानून त्यावरून कारखान्याचा शोध घेऊ लागतो तेव्हा.

ब्रिस्टलचा कोणताच मागमूस उरला नाही, असेही नव्हे. लाझारसचा पुत्र आयझॅक जेकब्स याने काही निळ्या वस्तूंच्या तळाशी सोनेरी अक्षरांत आपले नाव व गावाचे नाव लिहविले आहे. निश्चिती हवी असेल तर आरंभ अशा स्वाक्षरीयुक्त नमुन्यांपासूनच व्हावयास हवा. तसे न करता अभ्यासकांनी आरंभ दंतकथेपासून केला.

रसायनशास्त्र येथे कितपत साहाय्य करते? जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ मध्ये काचेचे एकस्व मिळविले. त्याच्या प्रयोगांतून सिद्ध झालेली शिसेयुक्त काच पुढे इंग्लंडभर रूढ झाली. शिशामुळे काच वजनदार होते, व क्ष-किरणांच्या साहाय्याने वस्तूला इजा न करता शिशाचे अस्तित्व ताडता येते. त्यामुळे बोहेमियातील शिसेरहित काच वेगळी काढता येते. पण शिशाचा घटक इंग्लंडमधील बहुतेक काचगृहांत समान असल्याने या परीक्षेने देश कळतो, गाव सहसा कळत नाही. वेलांटीच्या वळणावरून पोथीचा प्रदेश कळावा, लेखक कळू नये, तसाच हा प्रकार.

चित्रांच्या साम्यावरून हात ओळखण्याचा मार्ग त्याहून निसरडा आहे. त्या काळातील रंगारी छापील नमुनासंग्रहांवरून चित्रे उचलीत. लंडनच्या रॉबर्ट सेयर याने १७६० च्या सुमारास प्रसिद्ध केलेला 'द लेडीज अम्यूझमेंट' हा असाच एक संग्रह. एकच पक्षी दोन पात्रांवर आढळला तर त्यांचा रंगारी एक, असे न मानता दोघांसमोरचे पुस्तक एक असावे, ही शक्यता आधी निकालात काढली पाहिजे. दोन भाषांतील समान शब्द हा वारसा की उसनवारी, हे ठरविल्यावाचून भाषाकुलाची चर्चा आपण करीत नाही. तीच शिस्त येथे हवी.

मुळात 'याचा कर्ता कोण' हा प्रश्नच सैल आहे. काच फुंकणारा एक, रंगविणारा दुसरा, काम सांगून माल विकणारा तिसरा. एडकिन्स दुसऱ्या वर्गातील होता. लाझारस जेकब्स हा वैयाकरणांच्या परिभाषेत प्रयोजक कर्ता म्हणावा लागेल. संग्रहालयाच्या चिठ्ठीवर मात्र एकाच नावापुरती जागा असते, आणि ती बहुधा फुंकणाऱ्याच्या वाट्यास येत नाही.

चार्ल्स्टन यांनी बिल्स्टन परिसरातील मिनाकारीशी असलेले साधर्म्य दाखवून दक्षिण स्टॅफर्डशायरकडे लक्ष वेधले. त्यांचे खंडन मला निर्णायक वाटते. मंडनाविषयी मात्र सावध राहावे लागते. त्या प्रदेशात काच व मिना या दोन्ही व्यवसायांचा शेजार होता, ही गोष्ट वजनदार खरी. परंतु शैलीचे साधर्म्य हाच येथेही मुख्य आधार असल्याने नमुनासंग्रहांचा आक्षेप या मतासही लागू पडतो. तिकडील रंगाऱ्यांनी एडकिन्ससारखी वही मागे ठेवली असती तर चर्चेचे स्वरूप वेगळे झाले असते. तोवर फुलपात्राखालील चिठ्ठीवर 'इंग्लंड, सुमारे १७६०, शिसेयुक्त दुधी काच, रंगारी अज्ञात, दक्षिण स्टॅफर्डशायर संभाव्य' एवढेच लिहावे, आणि एडकिन्सचे नाव त्याच्या वहीपाशी ठेवावे.