समजा, वेकफील्ड खरं बोलत असता तर?

लशींबद्दल बोलायला कुणी बोलावलं की मी एक गोष्ट हमखास सांगते. तुम्हीही ती ऐकली असेल. अँड्र्यू वेकफील्ड नावाचा लंडनचा एक डॉक्टर. त्यानं १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पेपर छापला आणि एमएमआर लशीमुळे, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरच्या एकत्र लशीमुळे, मुलांना ऑटिझम होतो असं जगाला सांगितलं. पुढे तो लबाड निघाला. पेपर मागे घेतला गेला, त्याची डॉक्टरकी गेली. म्हणून लस सुरक्षित आहे. टाळ्या.

गेल्या वेळी टाळ्या संपल्यावर एका बाईंनी हात वर केला. मांडीवर दीडेक वर्षाचा मुलगा. म्हणाल्या, "तो माणूस खोटारडा होता हे कळलं हो. पण तो खोटारडा होता म्हणून लस चांगली, हे कसं काय? उद्या एखादा प्रामाणिक माणूस तेच म्हणाला तर?"

मी काहीतरी उत्तर दिलं. परतताना बसमध्ये लक्षात आलं की आपण प्रश्नाला हातच लावला नाही, गोष्टच पुन्हा जरा जोरात सांगितली. म्हणून मूळ पेपर काढून परत वाचला. आजही तो ऑनलाइन मिळतो, फक्त प्रत्येक पानावर लाल अक्षरांत 'मागे घेतला' असा तिरपा शिक्का आहे. हा लेख म्हणजे त्या पेपरची उलटतपासणी आहे, आणि माझ्या गोष्टीचीही.

पेपर जेमतेम ५ पानांचा आहे. १३ लेखक, १२ मुलं. मुलं ३ ते १० वर्षांची, ११ मुलगे आणि १ मुलगी. सगळ्यांना पोटाच्या तक्रारी, आणि नीट वाढत असताना मध्येच बोलणं-वागणं मागे पडलेलं. त्यांपैकी ८ जणांच्या बाबतीत पालकांनी किंवा मुलाच्या डॉक्टरांनी या सगळ्याची सुरुवात एमएमआर लशीशी जोडली होती. लस टोचल्यापासून वागण्यातला पहिला बदल दिसेपर्यंत सरासरी ६.३ दिवस, कमीत कमी १, जास्तीत जास्त १४. लस आणि हा आजार यांचा संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही, असं पेपरमध्ये चक्क लिहिलेलं आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. तिन्ही लशी वेगवेगळ्या द्याव्यात हा सल्ला पेपरमध्ये नव्हताच. तो वेकफील्डनं पेपर निघताना रॉयल फ्री हॉस्पिटलात झालेल्या पत्रकार परिषदेत दिला. पेपर बोलला त्यापेक्षा माईक जास्त बोलला.

आता त्या बाईंचा प्रश्न घेऊ. धरून चालू की या ५ पानांतला शब्द न् शब्द खरा आहे. १२ मुलं खरी, ८ पालकांच्या आठवणी खऱ्या, ६.३ दिवस खरे. मग काय सिद्ध होतं?

एक हिशेब करू. आकडे मी सोयीचे घेतेय, पद्धत महत्त्वाची. समजा एका देशात वर्षाला ६ लाख मुलं जन्मतात आणि त्यांतल्या ९० टक्क्यांना पहिल्या वाढदिवसानंतर काही महिन्यांत ही लस मिळते. झाली ५ लाख ४० हजार मुलं. आता समजा, लशीचा काडीचाही संबंध नसताना, दर ५०० मुलांमागे एकाचं बोलणं पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या मधल्या काळात अडखळायला लागतं. म्हणजे १०८० मुलं. वर्षात २६ पंधरवडे. ही सुरुवात वर्षभर सारखी विखुरलेली असेल, तर लस टोचल्यानंतरच्या नेमक्या पंधरवड्यात साधारण ४१ मुलांची सुरुवात होणार. दरवर्षी! ब्रिटनमध्ये ही लस १९८८ मध्ये आली. पेपर येईपर्यंतच्या दहा वर्षांत या हिशेबानं अशी ४०० घरं तयार झाली, जिथे आईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय की मंगळवारी सुई टोचली आणि पुढच्या सोमवारी पोर हाकेला वळेना. त्यातली ८ घरं शोधून काढणं अवघड नाही, त्यातून ती घरं स्वतःच डॉक्टर शोधत असतील तर मुळीच नाही.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. पण या म्हणीत एकच कावळा आहे. इथे प्रत्येक फांदीवर कावळा बसलेला आहे, तेव्हा कुठलीही फांदी तुटली तरी कावळा दिसणारच.

यावर 'फक्त १२ मुलांवर कुठे संशोधन असतं का' असं आमच्यातलेच लोक हसून म्हणतात. ते मला पटत नाही. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या फक्त ५ तरुणांची नोंद छापली गेली होती. त्यांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया झाला होता. एड्सची ती पहिली छापील चाहूल. पाच पुरेसे झाले, कारण धडधाकट तरुणाला तो न्यूमोनिया जवळपास होतच नसे. थोड्या रुग्णांवरून शहाणपण मिळतं ते आजार अतिदुर्मीळ असेल तेव्हा, किंवा ज्यावर संशय आहे ती गोष्ट फार थोड्या लोकांच्या वाट्याला आलेली असेल तेव्हा. इथे लस जवळजवळ प्रत्येकाला मिळालेली आणि आजार तसा दुर्मीळ नाही. अशा ठिकाणी १२ काय, १२०० मुलं गोळा केली तरी तुलनेला दुसरा गट नसेल तर हाती काही लागत नाही.

हे कळायला लबाडी उघडकीस यावी लागत नव्हती. 'लॅन्सेट'च्या त्याच अंकात रॉबर्ट चेन आणि फ्रँक डीस्टेफॅनो यांचं टिपण आहे, आणि त्यात हाच योगायोगाचा मुद्दा मांडलाय. म्हणजे संपादकांना पेपरची कमकुवत बाजू माहीत होती. त्यांनी रोग आणि औषध एकाच पुडीत बांधून दिलं, आणि वर्तमानपत्रांनी पुडीतलं हवं तेवढंच उचललं.

मग संबंध आहे की नाही हे तपासायचं कसं? इथे मला माझ्या गोष्टीत कधीच न आलेला एक भाग सांगायचाय, आणि तो लशीच्या बाजूच्या लोकांना थोडा अडचणीचा वाटतो म्हणूनच बहुधा गळतो. एमएमआर लशीनं मुलांना खरोखर इजा केली होती. सुरुवातीच्या काही ब्रँडमध्ये गालगुंडाच्या विषाणूचा 'उराबे' नावाचा वाण वापरला होता. त्यातून काही मुलांना मेंदूच्या आवरणाचा दाह, म्हणजे मेनिंजायटिस व्हायचा. बहुतेक जण बरे होत, पण धोका खरा होता. कॅनडानं अशी लस आधीच थांबवली होती. ब्रिटननं त्या वाणाचे दोन ब्रँड सप्टेंबर १९९२ मध्ये बंद केले. जपाननं १९९३ मध्ये एमएमआरच थांबवली.

हा धोका पकडला कसा? एलिझाबेथ मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की लशीनंतर १५ ते ३५ दिवसांच्या खिडकीत मेनिंजायटिसची गर्दी होते. प्रमाण निघालं सुमारे ११ हजार डोसांमागे एक. याच कामातून पॅडी फॅरिंग्टन या संख्याशास्त्रज्ञानं एक पद्धत घडवली. तिचं इंग्रजी नाव 'सेल्फ-कंट्रोल्ड केस सिरीज', पण कल्पना सोपी आहे. आजारी मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी करायचीच नाही. त्याच मुलाच्या आयुष्यातला लशीनंतरचा काळ घ्यायचा आणि त्याच्याच आयुष्यातला बाकीचा काळ घ्यायचा. लस दोषी असेल तर आजाराच्या सुरुवाती लशीमागे दाटीवाटीनं येतील. निर्दोष असेल तर विखुरलेल्या राहतील. गरीब-श्रीमंत, आईचं शिक्षण, घरातलं वातावरण हे सगळे फरक आपोआप बाद, कारण मूल तेच आहे.

आणि १९९९ मध्ये हीच पद्धत, मिलर आणि फॅरिंग्टन या दोघांसकट, ऑटिझमच्या प्रश्नाला लावली गेली. ब्रेंट टेलर यांच्या नावानं तो पेपर 'लॅन्सेट'मध्येच आला. लंडन परिसरातली ऑटिझमची ४९८ मुलं. निदानाची दाटी लशीनंतर नाही. वाढ मागे पडण्याची दाटीही नाही. एका ठिकाणी मात्र छोटा उंचवटा दिसला: पालकांना पहिली काळजी वाटल्याची तारीख लशीनंतरच्या सहा महिन्यांत जरा जास्त वेळा पडत होती. लेखकांनी तो लपवला नाही. खोदल्यावर कळलं की नक्की तारीख आठवत नसली की पालक १८ महिने असं ठोकळ वय सांगत होते. आपणही 'दीड वर्षाचा असेल तेव्हा' असंच म्हणतो ना?

बाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे सापडतं. ज्या पद्धतीनं आणि ज्या माणसांनी एमएमआरचा खरा दोष पकडला, त्यांनीच तो दुसरा आरोप तपासला आणि त्यात काही मिळालं नाही. यात वेकफील्डच्या चारित्र्याचा संबंधच येत नाही.

पुढचं थोडक्यात. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाचा एक नोंदणी क्रमांक असतो, त्यामुळे लसीकरणाची नोंद आणि निदानाची नोंद जोडता येते. २००२ मध्ये ५,३७,३०३ मुलांचा अभ्यास आला, २०१९ मध्ये आणखी ६,५७,४६१ मुलांचा. दोन्हींमध्ये लस घेतलेल्यांत ऑटिझम वाढलेला दिसला नाही. भावाला किंवा बहिणीला ऑटिझम आहे अशी मुलं वेगळी काढून पाहिली, तरी नाही. जपानमध्ये योकोहामाच्या एका भागात एमएमआर थांबल्यानंतरही निदानं वाढतच राहिली.

लबाडीचा तपशील आता खरं तर वेगळाच विषय उरतो. ब्रायन डीअर या पत्रकारानं २००४ पासून तो खणून काढला. अनेक मुलं लस कंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या पालकांच्या वाटेनं आली होती आणि त्याच खटल्याच्या वकिलांकडून वेकफील्डला पैसे मिळत होते. एकूण ४ लाख पौंडांहून जास्त. 'आधी सगळी मुलं नॉर्मल होती' असं लिहिलं होतं, पण ५ मुलांच्या कागदपत्रांत वाढीबद्दलची शंका आधीपासून नोंदलेली होती. २००४ च्या मार्चमध्ये १० लेखकांनी पेपरच्या निष्कर्षातून अंग काढून घेतलं. 'लॅन्सेट'नं अख्खा पेपर मागे घेतला तो फेब्रुवारी २०१० मध्ये. १२ वर्षं! पीएचडीला उशीर झाला की आम्हाला खुलासा द्यावा लागतो, असो.

माझ्या गोष्टीतली दुसरी गफलत जास्त बोचते. एका माणसामुळे सगळं झालं, असं मी सांगत आले. इंग्लंडमध्ये एमएमआरचं प्रमाण नव्वदीच्या मध्याला ९२ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २००३-०४ मध्ये ८० वर आलं. गोवरात हे १२ टक्के फार मोठे आहेत. गोवराचा एक रुग्ण, कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना लागण करतो. साखळी तोडायला १८ पैकी १७ जण सुरक्षित हवेत, म्हणजे जवळपास ९४ टक्के. पण वेल्समधल्या स्वान्सीत घसरण पेपरच्या आधीच सुरू झाली होती. तिथल्या 'साउथ वेल्स इव्हनिंग पोस्ट' या स्थानिक दैनिकानं १९९७ मध्येच एमएमआरबद्दल पालकांच्या तक्रारींची मोहीम चालवली होती. पेपर जिथे वाचला जायचा त्या भागात लशीचं प्रमाण १३.६ टक्क्यांनी घटलं, उरलेल्या वेल्समध्ये २.४. वेकफील्ड अजून व्यासपीठावर आलाही नव्हता. उराबेच्या वेळी सरकारनं पालकांशी जितकं मोकळं बोलायला हवं होतं तितकं बोललं नव्हतं, आणि त्या मौनात जी जागा रिकामी राहिली ती आधी दैनिकानं आणि मग डॉक्टरानं भरली, असं माझं मत आहे. २००१ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना विचारलं की तुमच्या बाळाला एमएमआर दिली का, तर त्यांनी खासगी बाब म्हणून उत्तर टाळलं. हक्क होता त्यांचा. पण ऐकणाऱ्याला काय ऐकू गेलं असेल?

स्वान्सीत २०१२ च्या अखेरीस गोवर आला. २०१३ च्या उन्हाळ्यापर्यंत १२०० च्या वर रुग्णांची नोंद झाली, एक २५ वर्षांचा तरुण गेला. रुग्णांत मोठा भरणा होता १० ते १८ वर्षांच्या मुलांचा. म्हणजे ते दैनिक घरात येत होतं तेव्हा ज्यांचं लशीचं वय होतं, तीच पिढी.

आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या मधे येतो. 'अजून बोलत कसा नाही' हे घरात कुणीतरी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणतं, तेही साधारण याच वयात. म्हणजे वरचा पंधरवड्यांचा हिशेब आपल्याकडेही लागू आहे; अशी घरं आपल्याकडेही दरवर्षी तयार होत असणार, आणि त्यांना वेकफील्ड कोण हे माहीत असायची गरज नाही. त्या बाईंच्या मांडीवरचा मुलगा नेमका त्या वयाचा होता. त्याचा दुसरा डोस झालाय का, आणि तो बोलायला लागलाय का, हे दोन्ही त्यांना विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.