अंतऱ्याची हकालपट्टी आणि सी. रामचंद्र

हिंदी चित्रपटसंगीताच्या व्यवसायात ज्याला 'रिक्रिएशन' म्हणतात, म्हणजे गाजलेले गाणे नव्या ठेक्यावर पुन्हा बेतून नव्या चित्रपटात घालणे, त्यावरील वाद बहुधा जुन्या आठवणींच्या पावित्र्याभोवती फिरतो. २०२० मध्ये 'मसकली'ची नवी आवृत्ती आली, तेव्हा ए. आर. रहमान यांनी मूळ गाण्यामागील मेहनतीची जाहीर आठवण करून दिली, ती योग्यच होती. परंतु खरी हानी गाण्याच्या बांधणीतच झालेली आहे. मुखडा, म्हणजे फिरून फिरून येणारे धृपद, तेवढा उचलला जातो आणि अंतरा, म्हणजे मुखड्यापासून दूर जाऊन चालीचा विस्तार करणारे कडवे, गाळून त्या जागी बहुधा रॅप भरले जाते. मुखडा एखाद्या क्षणी सुचू शकतो, पण तेथून निघून कोठे जायचे आणि कोणत्या वाटेने परतायचे हे ठरवताना संगीतकाराची कसोटी लागते.

ही कसोटी सी. रामचंद्र यांच्याइतक्या सहजतेने फार थोड्यांनी पार केली. पुणतांब्यात १९१८ साली जन्मलेले आणि विनायकबुवा पटवर्धनांकडे काही काळ शिकलेले रामचंद्र नरहर चितळकर यांच्या कामाची 'अनारकली' (१९५३) म्हणजे गंभीर आणि 'अलबेला' (१९५१) म्हणजे उडते अशी वाटणी करण्याची समीक्षकांची सवय जुनी आहे, आणि ती चुकीची आहे. 'अलबेला'त ट्रम्पेट आहे, बोंगो आहेत, हळदोण्याचे जॅझवादक चिक चॉकलेट साहाय्यक म्हणून पाठीशी आहेत, आणि त्याच चित्रपटात पिलूच्या अंगाने जाणारी अंगाईही आहे. चितळकर या नावाने ते स्वतः लता मंगेशकरांबरोबर गातात, तेव्हा ठेका कितीही परदेशी असला तरी चालीची वळणे देशीच राहतात. 'अनारकली'तील लताबाईंचे भीमपलासातले गाणे अंतऱ्यात वर चढते आणि रागाच्याच वळणांनी मुखड्यावर उतरते. हे उतरणे ऐकल्यावर मुखडा पहिल्याहून वेगळा वाटतो, आणि हे काम अंतऱ्याशिवाय दुसरे काहीही करू शकत नाही. मदनमोहन आणि रोशन यांच्याकडेही हे भान होते. डिस्कोच्या लाटेने ठेक्यालाच गाणे मानले, याहून अधिक तिच्याविषयी लिहिण्याजोगे नाही.

एका चित्रपटाचे संगीत तिघा-चौघांत वाटून देण्याच्या आजच्या पद्धतीचे समर्थक 'अनारकली'चाच दाखला देऊ शकतील, कारण ते काम आधी वसंत प्रकाश यांच्याकडे होते आणि गीता दत्त यांचे एक गाणे त्यांच्याच चालीत राहिले. परंतु तेथे काम एका हातातून दुसऱ्या हातात गेले होते. चित्रपटाचा सूर कोणाच्याच हाती न देण्याचे धोरण तेव्हा नव्हते.

श्रोत्यांना आता सवड नाही, हा बचाव तर मुळीच टिकत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटांत संपत असे, आणि तेवढ्यात सी. रामचंद्र आणि त्यांचे समकालीन दोन-दोन, तीन-तीन अंतरे, शिवाय मधले वाद्यसंगीतही बसवीत. वेळ तेव्हाही अपुराच होता. आज अपुरी पडते ती विस्तार करण्याची कुवत, किंवा ती असलेल्या तरुण संगीतकाराला संधी देण्याची निर्मात्याची तयारी. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी गायिलेले कवी प्रदीप यांचे हुतात्मा जवानांवरील गीत याच मापाने पाहावे. त्याच्या मुखड्यात देशबांधवांना घातलेली हाक आहे. ते जवान कोण होते, कसे लढले आणि कसे पडले, हे सारे अंतऱ्यांतून उलगडते, आणि सी. रामचंद्र यांची चाल त्या कथनाला धीराने वाट करून देते. असे गीत मुखड्यापुरते उचलणाऱ्याच्या हाती नुसती हाक लागेल. जुने गाणे हवेच असेल तर निर्मात्यांनी ते अंतऱ्यांसह घ्यावे, नाही तर नव्या संगीतकाराला स्वतःचा मुखडा आणि स्वतःचा अंतरा बांधू द्यावा.