लिंकन यांची दोन पत्रे : शब्द, इच्छा आणि तारखा

अब्राहम लिंकन १८४६ मध्ये इलिनॉय राज्यातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. एकच कारकीर्द करून ते परतले. मेक्सिको युद्धाला विरोध केल्यामुळे मतदारसंघ खवळला आणि त्यांची जागा गेली, असे सर्रास सांगितले जाते. त्यांचे वकिलीतील तरुण भागीदार विल्यम हर्नडन यांना लिहिलेली १८४८ मधील दोन पत्रे तारखांसह वाचली, तर हे विधान टिकत नाही.

पहिले पत्र ८ जानेवारीचे आहे. आपण पुन्हा उभे राहणार नाही असे लिंकन यांनी आधीच जाहीर केले होते. इतरांना न्याय मिळावा, मित्रांत तंटा होऊ नये आणि मतदारसंघ विरोधकांकडे जाऊ नये, ही तीन कारणे ते या पत्रात देतात. म्हणजे माघारीचा निर्णय युद्धावरील वादापूर्वीचा आहे. मात्र पत्र इथेच थांबत नाही. दुसरे कोणीच इच्छुक नसेल, तर आपल्याला पुन्हा पाठविण्याचा लोकांचा हक्क आपण नाकारू शकणार नाही, असेही ते लिहितात. स्वतःची इच्छा इथे लोकांच्या हक्काचे वस्त्र पांघरून येते. ती सांगताना ते टेक्ससच्या विलीनीकरणाबाबत हेन्री क्ले यांनी वापरलेल्या शब्दांचा आधार घेतात. त्याच दुटप्पी वाटणाऱ्या भूमिकेने १८४४ च्या निवडणुकीत क्ले यांचे नुकसान केले होते. लिंकन स्वतःच्या डळमळीतपणाकडे हसून पाहत आहेत, असे म्हणता येईल. पण इतरांशी स्पर्धा करणे आपल्या दिलेल्या शब्दाला शोभणार नाही, हेही ते स्पष्ट करतात.

दुसरे पत्र १ फेब्रुवारीचे. अध्यक्ष पोक यांनी युद्ध विनाकारण व घटनाबाह्य रीतीने सुरू केले, या दुरुस्तीच्या बाजूने लिंकन यांनी ३ जानेवारीला मत दिले होते. हर्नडन यांना ते पटले नाही. लिंकन यांचा प्रतिप्रश्न सरळ आहे : माझ्या जागी तू असतास, तर खोटे ठाऊक असूनही त्याच्या बाजूने मत दिले असतेस काय? सैन्याला रसद देण्यास आपला विरोध नाही, हेही ते नोंदवितात.

उत्तर बाणेदार आहे, पण त्याची किंमत कोणी मोजली? लिंकन उभेच राहणार नव्हते. ऑगस्ट १८४८ मध्ये व्हिग पक्षातर्फे त्यांचे पूर्वीचे भागीदार स्टीफन लोगन उभे राहिले आणि युद्धातून परतलेल्या टॉमस हॅरिस यांच्याकडून थोड्या मतांनी हरले. जो मतदारसंघ राखण्यासाठी माघार घेतली, तोच गेला. पराभवाचे सारे खापर त्या एका मतावर फोडता येणार नाही, परंतु झळ लोगन यांना बसली हे विसरताही येणार नाही.

म्हणून या पत्रांतील लिंकन हुतात्मा नाहीत आणि संधिसाधूही नाहीत. वर्गात ही पत्रे शिकविताना आधी फळ्यावर तारखा लिहाव्यात आणि मगच नीतीची चर्चा करावी. दंतकथेला उत्तर देण्याची सवय विद्यार्थ्यांना तिथूनच लागेल.